हॉस्पिटलचं बिल भागलं, पण बाबांना रोज उठवायचं कोणी?

पत्र असं आलंय:

"ताई, नमस्कार. माझं वय ४६, नोकरी करते. बाबा ८१ चे, आई ७५ ची. काही महिन्यांपूर्वी बाबा बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. सरकारी आरोग्य विम्यातून जवळजवळ सगळं बिल भागलं, त्याबद्दल तक्रार नाही. पण घरी आल्यापासून बाबांना उठवणं, अंघोळ, संडासला नेणं सगळं आई करते आणि आता तिचीच पाठ धरलीये. मदतीला माणूस ठेवायचा तर विम्यात ते बसत नाही म्हणाले. माझा भाऊ ३४ चा. तो म्हणतो, म्हातारी माणसं इतकी वाढतायत की आपली पाळी येईपर्यंत ही योजना बुडलेली असणार, मग आपल्या पगारातून दर महिन्याला कशाला कापतात, ज्याचं त्याने बघावं. यावरून आमची कडाक्याची भांडणं होतात. तो खरं बोलतोय का? आणि आत्ता मी काय करू? – एक मुलगी"

ताई, भावाकडे नंतर येते, आधी आईचं. पंचाहत्तर वर्षांची बाई एका मोठ्या माणसाला दिवसातून कितीतरी वेळा अंथरुणातून उचलतेय, हे असंच चालू राहिलं तर पुढची पेशंट तीच आहे आणि मग घरात दोन अंथरुणं लागतील. म्हणून याच आठवड्यात तिला डॉक्टरकडे न्या, तिच्या पाठीसाठी, बाबांच्या सोबत म्हणून नाही. आणि फिजिओथेरपिस्टला एकदा तरी घरी बोलवा. बाबांचे व्यायाम तो घेईलच, पण मुख्य काम म्हणजे त्याने आईला आणि तुम्हाला शिकवायचं की माणसाला न उचलता कसं उठवतात, कुशीवर कसं वळवायचं, कमरेला पट्टा कसा बांधायचा, पलंगाची उंची किती हवी. ही शिकायची गोष्ट आहे आणि हॉस्पिटलमधून सोडताना ती बहुतेक ठिकाणी कोणी शिकवत नाही, डिस्चार्जचा कागद आणि गोळ्यांची यादी हातात देतात की झालं. बाथरूममध्ये धरायला दांडे, उंच कमोड, पायाखाली न घसरणारं काहीतरी, हे सगळं आत्ता करून घ्या, कारण एकदा पडलेला म्हातारा माणूस पुन्हा पडायची शक्यता बरीच जास्त असते.

आता भाऊ. त्याचं अर्धं खरं आहे आणि अर्धं नाही.

खरं काय, तर म्हातारी माणसं वाढतायत. युनायटेड नेशन्सच्या अंदाजाप्रमाणे २०५० पर्यंत जगातल्या दर सहा माणसांमागे एक पासष्टीच्या पुढचा असेल. दक्षिण कोरियात तर २०२३ मध्ये एका बाईमागे सरासरी ०.७२ इतकीच मुलं होत होती, म्हणजे पुढे पैसे भरणारे किती राहणार ते कळतंच. आणि बहुतेक सरकारी आरोग्य विमे चालतात असे की आज कमावणाऱ्यांचे पैसे आजच्या आजारी माणसांवर खर्च होतात. तुमच्या भावाच्या नावाने कुठे वेगळी गुल्लक ठेवलेली नाहीये. त्यामुळे भरणारे कमी आणि घेणारे जास्त झाले की ओढाताण होणार हे त्याचं म्हणणं बरोबरच आहे.

पण "बुडणार" म्हणजे नक्की काय होणार, हे विचारा त्याला. अमेरिकेत १९६५ मध्ये वयस्कांच्या सरकारी आरोग्य विम्याचा, मेडिकेअरचा कायदा झाला, त्यातल्या हॉस्पिटलच्या भागासाठी एक फंड आहे आणि तो कधी संपेल याचा अंदाज त्याचे विश्वस्त दरवर्षी सांगतात. १९९७ च्या अहवालात म्हटलं होतं की २००१ मध्ये संपेल. संपला नाही, कारण कायदे बदलले, हॉस्पिटलांना द्यायचे दर आवळले, पैसे पुन्हा जमले. २०२५ च्या अहवालात म्हटलंय २०३३. आणि समजा २०३३ ला शिल्लक खरंच शून्य झाली तरी पगारातून येणारे पैसे चालूच राहणार, त्यातून खर्चाचा जवळपास ८९ टक्के भाग निघेल असं तोच अहवाल सांगतो. म्हणजे दुकानाला कुलूप लागतं तसं काही होत नाही, खड्डा पडतो, आणि तो कोणाच्या खिशातून भरायचा हे ठरवायला लागतं, कमावणाऱ्यांच्या, पैसेवाल्या म्हाताऱ्यांच्या, औषध कंपन्यांच्या, की कोणाच्यातरी आईच्या पाठीच्या जिवावर. भांडायचंच असेल तर तुम्ही दोघं यावर भांडा, त्यातून काहीतरी निघेल.

अजून एक, म्हातारपण म्हणजे हॉस्पिटलचा खर्च हे समीकरण वाटतं तेवढं सरळ नाहीये. १९९९ मध्ये पीटर झ्वायफेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वित्झर्लंडमधले आकडे तपासून दाखवलं की उपचाराचा खर्च वयापेक्षा मरण किती जवळ आलंय यावर जास्त अवलंबून असतो. माणूस सत्तरीत जावो की नव्वदीत, मोठा खर्च शेवटच्या काळात गोळा होतो, आणि शेवटचा काळ एकदाच येतो ना, आयुष्य वाढलं की तो पुढे सरकतो. त्यावर पुढे पुष्कळ वाद झाले, पण आरोग्याचा खर्च वाढतो त्यात नवी औषधं, नवी मशीन्स, वाढलेले दर आणि पगार यांचा वाटा खूप मोठा असतो हे आता बहुतेक अर्थतज्ज्ञ मानतात. म्हाताऱ्यांच्या नावाने खडे फोडून तो खर्च कमी होणार नाही.

मात्र एक खर्च असा आहे जो खरोखर वयाबरोबर वाढतो, आणि तो म्हणजे तुमच्या घरात आत्ता चाललंय ते. उठवणं, बसवणं, भरवणं, धुणं, रात्री दोनदा जागं होणं. आणि नेमकं तेच विम्यात नाही. मला विचाराल तर म्हाताऱ्या होत चाललेल्या समाजात सरकारी आरोग्य विम्याचं भवितव्य पैसे पुरतील का यापेक्षा या एका गोष्टीवर ठरणार आहे, की विमा नुसता हॉस्पिटलच्या खाटेचे पैसे देणार की घरी हात देणाऱ्या माणसाचेही देणार.

हे असं का झालं ते बघा. जर्मनीत तेव्हाचा चान्सेलर, म्हणजे सरकारचा प्रमुख, बिस्मार्क याने १८८३ मध्ये पहिला सक्तीचा आजारपणाचा विमा आणला तो कामगारांसाठी, डॉक्टर, औषध आणि १३ आठवड्यांपर्यंत आजारपणाचा पगार. मागची कल्पना अशी की माणूस आजारी पडतो, मग बरा होऊन कामावर जातो, नाहीतर मरतो. या दोघांच्या मध्ये दहा-पंधरा वर्षं कोणीतरी धरून चालवायला लागेल अशी अवस्था त्यात धरलेलीच नव्हती, कारण तेव्हा तितकी माणसं तिथपर्यंत पोचत नव्हती. नंतर बऱ्याच देशांनी हाच साचा उचलला. अमेरिकेचं मेडिकेअर, हॉस्पिटलमध्ये राहून आलेल्या माणसाचे नर्सिंगची सोय असलेल्या केंद्रातले जास्तीत जास्त १०० दिवसांचे पैसे देतं, तेही उपचाराची गरज असेल तर, नुसत्या अंघोळ-कपड्यांसाठी नाही. भारतात २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीच्या पुढच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता आयुष्मान भारतमध्ये घेतलं, ही मोठी गोष्ट आहे आणि मला ती मनापासून आवडली, पण तीही मुळात हॉस्पिटलमध्ये भरती होण्यासाठीची योजना आहे. घरी आल्यावर पुढे काय, हा प्रश्न तिथेही उरतोच.

जपानची गोष्ट भावाला जरूर सांगा. त्यांनी १९६१ मध्ये सगळ्यांना आरोग्य विम्यात आणलं, १९७३ मध्ये सत्तरीच्या पुढच्यांचे उपचार फुकट केले. झालं असं की घरी सांभाळायला मदत कुठूनच मिळत नव्हती आणि हॉस्पिटल मात्र फुकट, मग ज्यांना उपचारांची फारशी गरज नाही अशी म्हातारी माणसं महिनोन्महिने, काही तर वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्येच राहायला लागली. घरच्यांचं काय चुकलं त्यात? दार एकच उघडं होतं, त्यातून गेले. पण सगळ्यात महागडी खाट सगळ्यात साध्या कामासाठी वापरली जायला लागली. दहा वर्षांनी, १९८३ मध्ये, म्हाताऱ्यांकडून थोडे थोडे पैसे घ्यायला सुरुवात झाली, तरी मूळ दुखणं राहिलंच. शेवटी २००० साली त्यांनी काळजीसाठी, म्हणजे म्हाताऱ्यांना सांभाळण्यासाठी, वेगळा सक्तीचा विमा काढला. वयाच्या चाळिशीपासून प्रत्येकाने प्रीमियम भरायचा, अर्धे पैसे त्यातून आणि अर्धे करातून. माणसाला किती मदत लागते ते तपासून सात पायऱ्यांपैकी एक ठरवतात आणि त्याप्रमाणे घरी येणारी मदतनीस, दिवसभराचं केंद्र, काही दिवस माणसाला ठेवून घेऊन घरच्यांना सुट्टी, पलंग आणि व्हीलचेअर भाड्याने, असं सगळं त्यात मिळतं. स्वतःच्या खिशातून साधारण १० टक्के, कमाई जास्त असेल तर २० किंवा ३०. हेही काही स्वस्त पडलं नाही, पासष्टीच्या पुढच्यांचा सरासरी प्रीमियम २००० पासून आतापर्यंत दुपटीच्या वर गेलाय, आणि मदतनिसांची टंचाई तर रोजचीच आहे. पण आई एकटी पडत नाही.

जर्मनीने असा विमा १९९५ मध्ये आणला, कोरियाने २००८ मध्ये. नेदरलँड्सने तर १९६८ मध्येच आणला होता, तो इतका फुगला की २०१५ मध्ये त्यांना तो तोडून घरच्या मदतीचा मोठा भाग नगरपालिकांकडे द्यावा लागला आणि पैसेही कमी केले, त्यात बऱ्याच कुटुंबांचे हाल झाले. म्हणजे हे करणं सोपं आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये. पण न केल्याने खर्च वाचत नाही हो, तो फक्त कोणाच्या हिशोबात दिसत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं होतं की जगात बिनपगारी काळजीच्या कामाचे ७६ टक्के तास बायका भरतात. तुमची आई त्यातच मोजलेली आहे, आणि उद्या तुम्ही नोकरी सोडलीत तर तुम्हीही.

आता "ज्याचं त्याने बघावं" याबद्दल. हा प्रयोग करून झालाय. अमेरिकेत २०१० मध्ये काळजीसाठी सरकारी पण ऐच्छिक विम्याचा कायदा झाला, ज्याला वाटेल त्याने भरावं. हिशोब करायला बसल्यावर लक्षात आलं की ज्यांना लवकर गरज पडणार तेच येतील, धडधाकट माणसं येणार नाहीत, मग प्रीमियम इतका वाढवावा लागेल की उरलेलेही पळतील. एक दिवसही न चालता २०१३ च्या जानेवारीत तो कायदा रद्द झाला. उलट तिथल्याच वॉशिंग्टन राज्याने असा विमा सक्तीचा केला, २०२३ च्या जुलैपासून पगाराच्या ०.५८ टक्के कापायला लागले, आणि २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो ऐच्छिक करायचा का असं लोकांना मतदानात विचारलं तर लोकांनी नाही म्हणून सांगितलं. खाजगी पॉलिसीचं म्हणाल तर भावाला आज ३४ व्या वर्षी ती स्वस्त दिसेल, पण बहुतेक ठिकाणी प्रीमियम वय आणि आजार बघून लावतात, म्हणजे जेव्हा सगळ्यात जास्त लागणार तेव्हाच ती परवडेनाशी होते. घेऊ नको असं नाही, जमत असेल तर जोडीला घ्यावी, पण सरकारी विम्याच्या ऐवजी नको.

आणि त्याला एक सरळ गोष्ट सांगा, भांडणाच्या आवाजात नाही, शांतपणे. बाबांचं ऑपरेशन ज्या पैशातून झालं ते कोणाच्यातरी भावाच्या पगारातूनच कापलेले होते. ही योजना नसती तर ते बिल तुम्हा दोघांच्या नावावर आलं असतं. तो आजही घेणाऱ्यांमध्येच आहे.

पण त्याची तक्रार झटकूनही टाकू नका, कारण तरुणांवर सगळा बोजा टाकणं खरंच अन्याय आहे आणि ते न टाकता चालवायचे मार्ग लोकांनी शोधलेत. जपानने २०२२ मध्ये पंचाहत्तरीच्या पुढच्या, बऱ्यापैकी उत्पन्न असलेल्यांचा उपचारातला वाटा १० वरून २० टक्के केला. जर्मनीच्या घटना न्यायालयाने २००१ मध्ये म्हटलं की मुलं वाढवणारे आईबाप हेसुद्धा या विम्यात एक प्रकारचं योगदानच देतात, म्हणून तिथे मुलं नसलेल्यांना थोडा जास्त हप्ता असतो (हे मला पूर्ण पटत नाही, मुलं नसणं काही सगळ्यांच्या हातात नसतं, पण विचार करण्यासारखं आहे). ज्या म्हाताऱ्यांकडे पैसा आहे त्यांनी जास्त द्यावं हे मात्र मला शंभर टक्के पटतं, वय हे काही गरिबीचं सर्टिफिकेट नाही.

पैसे मिळाले तरी एक अडचण राहणारच, ती म्हणजे माणसं. अर्थतज्ज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकातच सांगून ठेवलंय की काही कामं यंत्राने वेगाने होत नाहीत, त्यामुळे बाकीच्यांचे पगार वाढले की ती कामं महाग होत जातात. म्हाताऱ्या माणसाला अंघोळ घालायला शंभर वर्षांपूर्वी जेवढा वेळ लागत होता तेवढाच आजही लागतो आणि लागूच द्यावा, घाई केली तर माणूस घाबरतो. म्हणून हे काम करणाऱ्यांना नीट पगार, शिक्षण आणि मान दिल्याशिवाय कुठलाही विमा चालणार नाही, कार्ड हातात असेल पण येणारं कोणी नसेल. आणि घरचेच करत असतील तर त्यांच्याही कामाची नोंद हवी. जर्मनीत घरच्याला ठरावीक तासांच्या वर सांभाळणाऱ्याचा पेन्शनचा हप्ता काळजी विमा भरतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बरं, आता तुम्ही काय करायचं. विम्यात "बसत नाही" असं तुम्हाला कोणीतरी तोंडी सांगितलंय, तर ते आधी लेखी मागा, कारणासकट. तोंडी नकारावर अपील करता येत नाही. आणि प्रश्न बदलून विचारा. "माणूस ठेवायला पैसे मिळतील का" असं विचारलं की नाहीच म्हणतात, त्याऐवजी ऑपरेशननंतरचं पुनर्वसन, घरी येणारी नर्स, फिजिओ, व्हीलचेअर-वॉकरसारखी साधनं, सांभाळणाऱ्याला विसावा, यातलं काय काय मिळतं असं एकेक नाव घेऊन विचारा. शिवाय काळजीची मदत बऱ्याच वेळा आरोग्य खात्याकडे नसतेच, समाजकल्याण किंवा स्थानिक प्रशासनाकडे असते, अपंगत्वाच्या योजनेतही असू शकते, आणि एका खात्याला दुसऱ्या खात्याचं माहीत नसतं. हॉस्पिटलमध्ये सोशल वर्कर असेल तर तिथून सुरुवात करा, डिस्चार्ज झालेला असला तरी जा. तुमच्या ऑफिसात घरच्या आजारपणासाठी रजा किंवा कमी तासांची सोय आहे का तेही बघा, आणि ते सगळं करून झाल्याशिवाय नोकरी सोडायचा विचारही करू नका, तुमचं स्वतःचं म्हातारपण त्या पगारावर उभं राहणार आहे.

बाबांशीही बोला. त्यांना कोणाच्या हातून अंघोळ चालेल, कशाची लाज वाटते, पुन्हा हॉस्पिटलमध्ये न्यायची वेळ आली तर काय हवं, काय नको. ते अजून नीट बोलतायत तोवर विचारा आणि लिहून ठेवा. त्यांना ऐकू कमी येतं का तेही एकदा तपासून घ्या, न ऐकू येणं हे स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांपैकी एक मानलं जातं आणि तरी कितीतरी सरकारी विम्यांमध्ये कानाचं मशीन बसत नाही, हे मला कधीच समजलेलं नाही.

भावाला पैशाचा वाटा मागू नका आधी, वेळेचा मागा. आठवड्यातल्या ठरलेल्या रात्री त्याच्या, आणि त्या रात्री आईने दुसऱ्या खोलीत झोपायचं. काही आठवडे त्याने बाबांना स्वतः उठवलं-बसवलं की काळजीचा विमा कशासाठी हवा हे त्याला तुम्ही समजवायला लागणार नाही, आणि मग मतं मागायला येणाऱ्यांना तुम्ही दोघं मिळून विचारा की घरच्या काळजीसाठी तुमच्याकडे काय आहे.

आणि आजपासून एक वही ठेवा. मदतीची गरज मोजताना बहुतेक ठिकाणी अंघोळ, कपडे, जेवण, संडास, चालणं आणि पलंगावरून खुर्चीत बसणं हीच कामं बघतात, तर यातलं काय त्यांना एकट्याने जमतं, कशाला कोण लागतं, किती वेळ लागतो, रात्री किती वेळा उठावं लागलं, हे रोज लिहा. जर्मनीत अर्ज करणाऱ्या कुटुंबांना अशी डायरी ठेवायचा सल्ला देतातच. कारण तपासायला माणूस येतो तो थोडाच वेळ, आणि त्या वेळात म्हातारी माणसं ताठ बसतात, केस विंचरून घेतात आणि "मला सगळं जमतं" म्हणून सांगतात. तुमचे बाबाही म्हणतील. त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू नका, वही पुढे करा आणि त्या दिवशी भावाला घरी थांबायला सांगा, म्हणजे रात्रीचं कोण करतं हे विचारलं तर आईला एकटीला उत्तर द्यायला लागणार नाही.